तो वाढीव तास मला नको: संस्थाचालकांना एका विज्ञान शिक्षिकेचे खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव, संचालक मंडळाचे सर्व सदस्य आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली आणि शिक्षक खोलीत नवे वेळापत्रक लागले. सहावी, सातवी आणि आठवीची चित्रकलेची जोडतासिका त्यात नव्हती. त्या दोन तासांपैकी एक गणिताला गेला होता आणि दुसरा विज्ञानाला, म्हणजे मला. खाली टीप होती, ‘शिष्यवृत्ती व एनएमएमएस सराव’. (एनएमएमएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या आठवीच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा.) आमचे कलाशिक्षक मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. पंधरा दिवसांत चित्रकलेच्या वर्गात जुनी बाके आणि मोडकी कपाटे रचली गेली आणि दाराला कुलूप लागले.

मी मुख्याध्यापकांशी दोनदा बोलले. जुलैमध्ये संस्थेकडे लेखी अर्ज दिला. त्याचे उत्तर आलेले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे. पालकांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी चित्रकार नाही. बावीस वर्षे विज्ञान शिकवते. नव्या वेळापत्रकात फायदा झाला असे कोणाला वाटत असेल तर तो माझ्या विषयाचा. तरीही तो तास मला नको आहे, कारण माझ्या विषयातले कितीतरी धडे मुले चित्रकलेच्या वर्गात, पाण्याच्या डब्यापाशी बसून शिकत होती. हे मला बरेच उशिरा कळले. कसे कळले ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, चित्रकलेचे सर रजेवर होते आणि सातवीची बदली तासिका माझ्याकडे आली. सरांनी काम देऊन ठेवले होते, कागदावर निळ्या रंगाचे वेगवेगळ्या आकाराचे थेंब सोडायचे आणि ते आपोआप वाळू द्यायचे. मुले थेंब सोडून वाट पाहत बसली. हवेत दमटपणा होता, रंग वाळायला वेळ लागत होता. थोड्या वेळाने एक मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली. “बाई, मी सगळीकडे सारखाच रंग टाकला होता. मग मध्ये फिकट आणि कडेला गडद रेघ कशी आली?” मी म्हणाले, रंग खाली बसला. तिने कागद आडवा धरून दाखवला. “मग मध्येच बसायला पाहिजे होता ना? कडेला का गेला?”

मला उत्तर आले नाही. मी तसे तिला सांगितले आणि घरी जाऊन शोधत बसले. थेंबाची कड कागदाला धरून राहते, जागची हलत नाही. कडेला पाण्याचा थर पातळ असतो आणि तिथले पाणी लवकर उडून जाते. ती तूट भरून काढायला मधले पाणी सारखे कडेकडे वाहत राहते आणि जाताना रंगाचे कण घेऊन जाते. पाणी उडते, कण कडेवर साचतात. चहाच्या डागाला गडद कड येते तीही यामुळेच. शिकागोतल्या संशोधकांनी याचा नीट उलगडा केला तो 1997 साली, कॉफीच्या डागावरून. म्हणजे आमच्या सातवीतल्या मुलीने जो प्रश्न विचारला, त्याचे पक्के उत्तर जगाला मिळून तेव्हा तीस वर्षेसुद्धा झाली नव्हती.

बाष्पीभवनाची व्याख्या मी त्या वर्गाला आधीच शिकवली होती. सगळ्यांना ती पाठही होती. पण पाणी उडून जाताना आपल्यामागे काय ठेवून जाते, हे त्या वर्गाने त्या दिवशी स्वतःच्या कागदावर पाहिले. पुढच्या आठवड्यात आम्ही एक थेंब उघडा ठेवला, एक वाटीखाली झाकला आणि एक पंख्याखाली ठेवला. कोणता आधी वाळेल यावर मुलांनी अंदाज लिहिले, घड्याळ लावले. पाठ्यपुस्तकात वारा, तापमान आणि आर्द्रता यांचा बाष्पीभवनावर होणारा परिणाम दिलेला आहे. तो परिच्छेद मला नंतर शिकवावा लागला नाही.

त्यानंतर सर आणि मी मिळून बरेच काही केले. जास्वंदीच्या लाल फुलांचा रस काढून मुलांनी त्याने कागद रंगवले. वाळलेल्या कागदावर एका बाजूला लिंबाच्या रसाचा ब्रश फिरवला, दुसऱ्या बाजूला खायच्या सोड्याच्या पाण्याचा. एकीकडे गुलाबी, दुसरीकडे हिरवट. त्यानंतर आम्ल आणि आम्लारी हे शब्द फळ्यावर लिहिले तेव्हा मुलांना ते ओळखीचे वाटत होते. एकदा एका मुलाने मामाच्या गावाहून पिवळी माती आणली. ती दळून, गाळून, डिंकाच्या पाण्यात कालवली की तिचा रंग होतो. तोच थोडासा भुगा आम्ही जुन्या लोखंडी तव्यावर बराच वेळ भाजला. पिवळा भुगा हळूहळू लालसर झाला. मातीतल्या लोहाच्या संयुगात पाणी धरलेले असते, ते निघून गेले की रंग पालटतो. रंगपेटीतला पिवळा गेरू आणि भाजलेली तांबूस माती या दोन्ही रंगांचे नाते त्या तव्यावर मुलांना दिसले. भट्टीत वीट लाल का होते, हे विचारायला मग वर्गात कोणाची वाट पाहावी लागली नाही.

गणिताबद्दलही एक प्रसंग सांगायला हवा, कारण दुसरा तास गणिताला गेला आहे. सातवीतला एक मुलगा अपूर्णांकांना घाबरायचा. सरांनी त्याला सहा वाट्या दिल्या. पहिल्या वाटीत निळ्या रंगाचे दहा थेंब. त्यातले पाच दुसऱ्या वाटीत, त्यात पाच थेंब पाणी. मिसळून झाले की त्यातले पाच तिसऱ्या वाटीत, पुन्हा पाच थेंब पाणी. असे सहाव्या वाटीपर्यंत. मग प्रत्येक वाटीतल्या रंगाचा एक पट्टा कागदावर ओढायचा. निम्मा, पाव, एक अष्टमांश, एक सोळांश, एक बत्तिसांश. त्याने पट्ट्यांखाली आकडे लिहिले आणि विचारले, “सर, असंच करत गेलं तर रंग कधी संपेल?” त्याने स्वतःहून आणखी दोन वाट्या घेतल्या. आठव्या वाटीत मूळ रंगाचा 128वा भाग होता आणि नीट पाहिले तर कागदावर निळसर झाक तरीही होती. घातांकाचा धडा पुढच्या वर्षी आला तेव्हा त्या मुलाने मला तो कागद वहीतून काढून दाखवला. त्याने तो जपून ठेवला होता.

आमच्या शाळेच्या गच्चीवरून सह्याद्रीच्या रांगा दिसतात. जवळचा डोंगर पावसाळ्यात हिरवा, त्यामागचा निळसर, त्याहीमागचा राखाडी निळा आणि सर्वांत लांबचा तर आभाळात मिसळलेला. मुलांना डोंगर काढा म्हटले की ती सगळे डोंगर एकाच हिरव्या रंगाने भरतात, कारण डोंगर हिरवा असतो हे त्यांना ‘माहीत’ असते. सर म्हणायचे, माहीत असलेले बाजूला ठेव आणि दिसते ते रंगव. मग मुले पाहू लागायची. आपण आणि लांबचा डोंगर यांच्यामध्ये कितीतरी हवा असते, ती हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि तो निळेपणा डोंगरावर चढतो. आभाळ निळे का, याचे उत्तरही हेच. पावसाची मोठी सर येऊन गेली की तोच डोंगर जवळ आल्यासारखा का वाटतो, हे मुलांनी मला गच्चीवर विचारले आहे. वर्गात बसून हा प्रश्न आजवर कोणीही विचारला नव्हता.

भाषेच्या बाई तर मला एकदा म्हणाल्या की रंगांची नावे मुलांच्या तोंडून गेलीच आहेत. ब्लू, पिंक, ग्रीन. आम्ही सहावीला काम दिले की स्वतः मिसळलेल्या प्रत्येक रंगाला घरच्या मोठ्यांना विचारून मराठी नाव आणायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात मोरपंखी, आमसुली, अबोली, विटकरी, डाळिंबी, श्रीखंडी, अस्मानी, पोपटी, गुलबक्षी, राणी, अंजिरी, बदामी अशी रांग लागली. एका मुलीच्या आजीने तर ट्रंकेतल्या जुन्या लुगड्याचा तुकडा पाठवला होता, ‘हा चिंतामणी’ अशी चिठ्ठी लावून. नऊ जणांनी तो रंग मिसळून पाहिला. दोघांनाच जमला.

हे सगळे जलरंगातच का, असे मला विचारले गेले. खडूने किंवा स्केचपेनने भागणार नाही का? भागणार नाही. जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड, ती कागदाला धरून ठेवणारा डिंक आणि पाणी. तिघांचे वागणे मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. शिवाय या रंगात पुसायची सोय नाही. पेटीत पांढरा रंग असतो, पण सर तो मुलांना वापरू देत नसत. चित्रात पांढरे हवे तर तेवढा कागद सुरुवातीपासून राखायचा. बगळा पांढरा राहायचा असेल तर पाण्याला हात लावायच्या आधीच त्याची जागा ठरवावी लागते. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या आडून झिरपणाऱ्या प्रकाशाचे ते चित्र तैलरंगातले असावे असे पाहणाऱ्याला वाटते. ते जलरंगातले आहे. एवढ्या हुकमी हाताच्या मागे किती ‘आधी विचार करणे’ असते, हे मुलांना अर्ध्या तासात स्वतःच्या बगळ्यावरून कळते.

आणि पानांचा अभ्यास. आमच्या भागात हळद पिकते. मुले हळदीच्या पानांतून वाट काढत मोठी होतात. तरीही परीक्षेत सगळ्या पानांना पिंपळासारखी जाळी काढतात, कारण पुस्तकातली आकृती तशी असते. ज्या वर्गाने हळदीचे पान समोर ठेवून रंगवले, त्या वर्गाने मधल्या शिरेतून निघून कडेकडे एकमेकींना समांतर जाणाऱ्या शिरा काढल्या आणि केळीशी तिचे साम्य आहे का, हे माझ्या आधी विचारले. मोबाइलवर फोटो काढता येतो की, असे आपल्यापैकी एक सदस्य म्हणाले होते. येतो. पण फोटोत पानावर पडलेले ऊन येते आणि शीर झाकली जाते. चित्र काढणारा ठरवतो काय दाखवायचे. 1847 ते 1850 या काळात पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानात स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर गिब्सन यांच्यासाठी एका चित्रकाराने इथल्या झाडांची जलरंगात चित्रे केली. त्याचे नाव नोंदलेले नाही. ती चित्रे आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. त्याच्याही आधी, सवाई माधवरावांच्या काळात, पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांनी वेरूळची लेणी कागदावर उतरवली. कॅमेरा येण्यापूर्वी इथल्या झाडांचे आणि दगडांचे ज्ञान जगापुढे गेले ते अशा हातांतून. ही परंपरा आपल्या जिल्ह्याच्या शेजारची आहे आणि आपण तिच्या दाराला कुलूप लावले आहे.

आता माझ्या तक्रारी स्पष्ट मांडते.

पहिली, हा निर्णय घेताना एकाही विषय शिक्षकाला विचारले गेले नाही. ज्या विषयांना तास मिळाले त्या आम्हा दोघांनाही नाही. शाळेतल्या पालकांच्या बैठकीत तो विषय आलाच नाही. वेळापत्रक लागल्यावर पालकांना मुलांकडून कळले.

दुसरी, कलाशिक्षकांची निवृत्ती कोणत्या दिवशी आहे हे अनेक वर्षांपासून माहीत होते. त्यांच्या जागेची तयारी त्याआधी व्हायला हवी होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असे लिहिले आहे. आपला पट त्याच्या कितीतरी वर आहे.

तिसरी, चित्रकला म्हणजे ‘अवांतर’ हा शब्द जुलैच्या बैठकीत वापरला गेला. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचा विषय असावा असे म्हटले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात, तसेच अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कठोर भिंती नकोत असे म्हटले. आपल्या शाळेच्या कार्यालयात या धोरणाचा फलक लावला आहे.

चौथी, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षांना यंदा आपल्या शाळेतून कोणी बसणार का, हे आजपर्यंत ठरलेले नाही. वस्तुचित्राचा आणि स्मरणचित्राचा सराव दोन आठवड्यांत होत नाही. मागच्या वर्षी एलिमेंटरी उत्तीर्ण झालेली मुले इंटरमिजिएटची वाट पाहत आहेत. या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणजे ज्या गुणांच्या नावाने तास काढले तेच गुण इथे हातचे जात आहेत.

आणि वर्ग. तो गुदाम करण्याची काहीही गरज नव्हती. मागच्या इमारतीतली खोली रिकामी आहे.

परीक्षांचा दबाव खरा आहे, हे मी जाणते. आपल्या शाळेत शेतमजुरांची, हमालांची, घरकाम करणाऱ्या आयांची मुले आहेत. एनएमएमएस मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये येतात आणि त्या पैशांवर मुलीचे शिक्षण थांबायचे वाचते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती तयारी व्हायलाच हवी. त्यासाठी मी आठवड्यातून तीन दिवस शाळा भरण्यापूर्वी पाऊण तास लवकर येईन. त्याचे मानधन मला नको. गणिताचे सहकारीही तयार आहेत, त्यांच्या संमतीनेच हे लिहिते आहे.

माझ्या मागण्या अशा.

सहावी ते आठवीची चित्रकलेची जोडतासिका पुढच्या सोमवारपासून वेळापत्रकात परत यावी. जोडतासिकाच हवी, कारण एका तासात कागद ताणणे, पाणी आणणे आणि पहिला थर वाळणे एवढेच होते.

कलाशिक्षकाचे पद भरण्याची कारवाई कोणत्या टप्प्यावर आहे, ते लेखी कळवावे. पद भरेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवणारी व्यक्ती नेमावी. निवृत्त सर आठवड्यातून दोन दिवस यायला तयार आहेत, मी त्यांना विचारले आहे.

चित्रकलेचा वर्ग रिकामा करून द्यावा. सामान हलवायला आठवीची मुले आणि आम्ही शिक्षक रविवारी येऊ.

कागद आणि रंगांसाठी वार्षिक अंदाजपत्रकात ठरावीक रक्कम असावी. आजवर सर पदरचे पैसे घालत आले. मुलांना महागडी पेटी लागत नाही. लाल, पिवळा आणि निळा, असे तीन चांगले रंग चार मुलांत मिळून पुरतात. कागद मात्र जाड हवा. पातळ कागद पाण्याने फुगतो, फाटतो आणि मुलाला वाटते चूक आपली.

शेवटची मागणी नवी आहे. महिन्यातून एकदा विज्ञान, भूगोल किंवा मराठीचा एक तास चित्रकलेच्या वर्गात, त्या विषयाच्या शिक्षकाने आणि कलाशिक्षकाने मिळून घ्यावा. विज्ञानाची सुरुवात मी करते. पहिल्या सहा महिन्यांचे नियोजन मी लिहून काढले आहे, हवे तेव्हा कार्यालयात देईन.

संस्थेची पुढची सभा या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. हे पत्र त्या सभेपुढे वाचले जावे आणि मला पाच मिनिटे बोलू द्यावे, अशी विनंती करते. येताना मी त्या सातवीच्या मुलीचा निळ्या थेंबांचा कागद घेऊन येईन. ती आता दहावीत आहे आणि तो तिने मला या सभेसाठी दिला आहे.

कुलूपबंद वर्गातल्या डाव्या कपाटात खालच्या फळीवर सहावीच्या मुलांनी मार्चमध्ये सुरू केलेली हळदीची आणि पिंपळाची पाने आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पहिला थर झाला आहे, शिरा राहिल्या आहेत. ती मुले आता सातवीत आहेत आणि दर आठवड्याला मला विचारतात. सभेची वाट न पाहता निदान तेवढी किल्ली मिळावी.

आपली नम्र,
आपल्याच शाळेतील एक विज्ञान शिक्षिका